मॉड्यूलर संगीतातले ऑडिओ इफेक्ट्स : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मॉड्यूलरमधला इफेक्ट आणि एरवीचा इफेक्ट यांत फरक काय?

एरवी इफेक्ट शेवटी येतो. आवाज आधी तयार होतो, मग त्यावर रिव्हर्ब (घुमारा) आणि डिले (प्रतिध्वनी) चढवतात. मॉड्यूलरमध्ये, म्हणजे सुटी मॉड्यूल केबलींनी जोडून आवाज घडवायच्या पद्धतीत, असा शेवट ठरलेला नसतो. रिव्हर्बमधून निघालेला आवाज पुन्हा फिल्टरमध्ये (काही फ्रिक्वेन्सी कापणारं मॉड्यूल) नेता येतो, त्या फिल्टरचा कटऑफ (जिथून तो कापायला लागतो ती फ्रिक्वेन्सी) ढोलाच्या ठोक्यावर हलवता येतो आणि डिलेचा वेळ चक्क कीबोर्डवरून वाजवता येतो.

याचं कारण साधं आहे. बहुतेक नॉबच्या जवळ एक सॉकेट असतं. त्यात कंट्रोल व्होल्टेज, म्हणजे रोजच्या बोलण्यातलं सीव्ही, लावलं की तुमच्या हाताऐवजी दुसरं मॉड्यूल तो नॉब फिरवतं. म्हणून ‘कुठला रिव्हर्ब चांगला?’ असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, त्याच्या कुठल्या नॉबला काय लावलंय? निम्म्या वेळा उत्तर ‘काहीच नाही’ असं येतं, आणि मग नवीन मॉड्यूल घेऊनही फारसं काही बदलत नाही.

हार्डवेअर लागतंच का?

मुळीच नाही. व्हीसीव्ही रॅक हे सॉफ्टवेअर २०१७ मध्ये आलं. त्याची मूळ आवृत्ती मोफत आहे आणि त्यात खऱ्या रॅकसारख्याच केबली ओढायच्या असतात. प्युअर डेटा त्याहून जुनं. मिलर पकेट यांनी ते १९९० च्या दशकात लिहिलं, तेही मोफत आहे; तिथे तयार मॉड्यूल कमी आणि सुटे भाग जास्त मिळतात. मॅक्स आणि रिॲक्टर हे पैसे देऊन घ्यायचे पर्याय.

हार्डवेअरमध्ये सध्या सगळ्यांत जास्त चालतो तो युरोरॅक हा मॉड्यूलांचा नमुना. डोएप्फर कंपनीची ए-१०० मालिका १९९५ मध्ये आली आणि तिचीच मापं पुढे बाकीच्यांनी उचलली.

माझं मत विचाराल तर सुरुवात सॉफ्टवेअरवर करा. तिथे एकाच पॅचमध्ये (केबलींनी केलेल्या जोडणीत) पाच डिले टाकून बघता येतात. कान तयार झाला की हार्डवेअरमध्ये काय घ्यायचं ते आपोआप कळतं.

सुरुवातीला कोणकोणती मॉड्यूल हवीत?

एक डिले, एक फिल्टर, दोन व्हीसीए (सीव्हीने आवाज कमी-जास्त करणारे), एक एलएफओ (हळू वर-खाली होणारं सीव्ही देणारा), एक मिक्सर आणि दोन-तीन ॲटेन्यूव्हर्टर. डिले निवडताना एवढंच बघा की फीडबॅकचा (बाहेर आलेला आवाज पुन्हा आत नेण्याचा) मार्ग बाहेर काढता येतो का, म्हणजे सेंड आणि रिटर्न अशी वेगळी सॉकेट्स आहेत का. नसतील तर मिक्सरने तो मार्ग बाहेरून बांधता येतो.

ॲटेन्यूव्हर्टर हे अगदी नीरस दिसणारं मॉड्यूल आहे. येणारं सीव्ही कमी करायचं किंवा उलटं करायचं, एवढंच त्याचं काम. पण ते नसेल तर एलएफओ प्रत्येक नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत बसतो आणि सगळेच पॅच गोंधळलेले वाटतात.

डिलेचा वेळ लयीशी कसा जुळवायचा?

६०,००० ला बीपीएमने (मिनिटाला किती मात्रा) भागा. एका मात्रेचे मिलिसेकंद मिळतात. १२० बीपीएमला ५००, अर्ध्या मात्रेला २५०, पाऊण मात्रेला ३७५. डिलेला क्लॉक इनपुट (लयीचे ठोके घेणारं सॉकेट) असेल तर हे गणितही नको.

डिलेचा वेळ फिरवला की सूर का घसरतो? तो बिघाड आहे का?

बिघाड नाही, आणि हे एकदा नीट समजलं की अर्धे इफेक्ट समजले.

डिले म्हणजे एका जागी लिहायचं आणि मागून येऊन दुसऱ्या जागी वाचायचं. वेळ कमी करताना वाचणारा लिहिणाऱ्याच्या जवळ सरकतो, म्हणजे जेवढा वेळ तो सरकतोय तेवढा वेळ तो जास्त वेगाने वाचतो. सूर चढतो. वेळ वाढवताना उलट, सूर उतरतो. सरकणं थांबलं की सूर मूळ जागी येतो. टेप आणि ॲनालॉग डिलेत हे अटळच असतं. काही डिजिटल डिले मात्र दोन वेळांमध्ये क्रॉसफेड करतात (एक मंद होतो, दुसरा ठळक), तिथे सूर हलत नाही.

आता आकड्यांत बघू. डिलेच्या वेळेला एलएफओ लावला आणि तो वेळ १ मिलिसेकंद पुढे-मागे करतोय असं धरा. एलएफओचा वेग १ हर्ट्झ असेल तर सूर जास्तीत जास्त सुमारे ११ सेंट (एक सेंट म्हणजे सेमीटोनचा शंभरावा भाग) इकडेतिकडे होतो. कानाला ते गोड, हलकं डोलणं वाटतं. बाकी काही न बदलता वेग ५ हर्ट्झ केला की तोच फरक सुमारे ५३ सेंट होतो, म्हणजे अर्ध्या सेमीटोनहूनही जास्त. बेसूरच! म्हणून वेग वाढवताना खोली (डिलेचा वेळ किती पुढे-मागे होतो ते) त्याच प्रमाणात कमी करायची. वेग आणि खोली यांचा गुणाकार सूर किती हलणार ते ठरवतो. कोरस (असाच डोलणारा डिले) ‘आजारी’ वाटतो अशी तक्रार येते तेव्हा दहापैकी नऊ वेळा हेच कारण निघतं.

ॲनालॉग डिले मऊ का वाटतो?

त्यात बहुधा बकेट ब्रिगेड चिप असते. फिलिप्सच्या प्रयोगशाळेत सँगस्टर आणि टीअर यांनी १९६९ मध्ये ही कल्पना मांडली. सिग्नलचे नमुने विद्युतभाराच्या रूपात एका टप्प्यातून पुढच्या टप्प्यात ढकलले जातात आणि ढकलण्याचा वेग क्लॉक ठरवतो. टप्प्यांच्या संख्येला क्लॉकच्या दुपटीने भागलं की डिले मिळतो : १,०२४ टप्पे आणि १० किलोहर्ट्झ क्लॉक असेल तर ५१.२ मिलिसेकंद.

जास्त वेळ हवा तर क्लॉक हळू करावा लागतो. पण क्लॉकच्या निम्म्याच्या वरच्या फ्रिक्वेन्सी आत येऊ देता येत नाहीत, नाहीतर भलतेच सूर ऐकू येतात. म्हणून आधीच फिल्टर लावून वरचा भाग कापतात. मऊपणा येतो तो इथून. डिजिटल डिलेच्या फीडबॅक मार्गात साधा लो-पास (वरचा भाग कापणारा) फिल्टर घातला की तुम्ही बरेच जवळ पोहोचता. प्रत्येक फेरीत आवाज थोडा अधिक बुजत जातो, आणि ‘उबदार’ म्हणून जे काही सांगितलं जातं त्यातलं बरंचसं एवढंच असतं.

फीडबॅक थोडा वाढवला की डिले एकदम किंचाळायला लागतो. आवरायचा कसा?

फीडबॅकचा नॉब कानाला सरळ रेषेत वागत नाही. प्रत्येक फेरीत आवाज ०.७ पट होत असेल तर ६० डेसिबल उतरायला साधारण २० फेऱ्या लागतात. ०.९ ला त्याच कामाला सुमारे ६५ फेऱ्या लागतात. ५०० मिलिसेकंदांचा डिले असेल तर अर्ध्या मिनिटाहून जास्त. १ च्या पुढे गेलं की आवाज उतरतच नाही, फेरीगणिक वाढतो. म्हणजे सगळी गंमत नॉबच्या शेवटच्या चिमूटभर भागात दडलेली असते.

त्यावर उपाय म्हणजे फीडबॅक मार्ग बाहेर काढायचा आणि त्यात या क्रमाने तीन गोष्टी घालायच्या. आधी हाय-पास (खर्ज कापणारा) फिल्टर, कारण फेऱ्याफेऱ्यांत खर्जाचा गाळ साचतो आणि डीसी ऑफसेटही (सिग्नल शून्यापासून एका बाजूला सरकणं). मग हलकं सॅच्युरेशन. ते आवाजाच्या शिखरांना दाबून ठेवतं, त्यामुळे फीडबॅक १ च्या पुढे नेला तरी आवाज एका मर्यादेत गुरगुरत राहतो. शेवटी व्हीसीए, आणि त्याला हळू एन्व्हलप (बटणासरशी चढून उतरणारं सीव्ही). बटण दाबलं की डिले फुगणार, सोडलं की विरणार. हा पॅच एकदा जमला की डिले हेच वाद्य होतं, मूळ आवाज नुसता ठिणगीपुरता लागतो.

स्पीकरचा आवाज मात्र आधी कमी करा. हेडफोन लावून हा प्रयोग करू नका.

कोरस, फ्लँजर आणि फेझर यांत नेमका फरक काय?

पहिले दोन डिलेच आहेत. वेळ साधारण १५ ते ३० मिलिसेकंद आणि एलएफओ हळू असेल तर कोरस. १ ते १० मिलिसेकंद आणि थोडा फीडबॅक असेल तर फ्लँजर. मूळ आवाजात १ मिलिसेकंद उशिराची प्रत समान प्रमाणात मिसळली की ५००, १,५००, २,५०० हर्ट्झ अशा सारख्या अंतरावर खाचा पडतात, म्हणजे तिथल्या फ्रिक्वेन्सी गायब होतात. वेळ हलला की सगळ्या खाचा एकत्र सरकतात आणि विमान डोक्यावरून गेल्यासारखा आवाज येतो. प्रत उलटी करून मिसळली की खाचा ०, १,०००, २,००० हर्ट्झवर जातात आणि खर्ज पार पातळ होतो.

फेझरमध्ये डिले नसतो, ऑल-पास फिल्टरांची (काहीही न कापता फक्त लाट मागे-पुढे सरकवणाऱ्या) साखळी असते. चार टप्प्यांच्या फेझरला दोनच खाचा मिळतात आणि त्या सारख्या अंतरावर नसतात. त्यामुळे फेझर मवाळ वाटतो, फ्लँजर धातूसारखा.

डिलेमधून सूर वाजवता येतो म्हणतात ते कसं?

वेळ खूप कमी करा, फीडबॅक खूप वाढवा आणि आत एक छोटासा टिक् सोडा. तो टिक् फिरत राहतो, आणि २.२७ मिलिसेकंदांनी फिरत असेल तर तुम्हाला ४४० हर्ट्झचा सूर ऐकू येतो. मार्गात सौम्य लो-पास घातला की छेडलेली तार! कार्प्लस आणि स्ट्राँग यांनी १९८३ मध्ये हीच पद्धत प्रसिद्ध केली होती. टिक्ऐवजी गोंगाटाचा छोटा फटकारा सोडा, तार अधिक खरी वाटते.

असे चार-सहा डिले वेगवेगळ्या सुरांना जुळवून समांतर लावले आणि त्यात कुठलाही आवाज सोडला तर सतारीच्या तरफांसारखं काम होतं. ज्या सुराला जी ‘तार’ जुळते तीच गुणगुणते. ढोलाच्या ठोक्यांमधून राग डोकावायला लागतो. माझ्या मते हा मॉड्यूलरमधला सगळ्यांत सुंदर इफेक्ट आहे, आणि त्याला विकतचं काही विशेष लागत नाही.

केलं तसं, पण वरचे सूर उतरलेले येतात. का?

सॉफ्टवेअरची एक छोटीशी वागणूक इथे आडवी येते. व्हीसीव्ही रॅकमध्ये प्रत्येक केबल एका सॅम्पलचा (डिजिटल आवाजाच्या एका नमुन्याचा) उशीर घालते. एरवी तो कुणाला कळतही नाही. पण तुमच्या फीडबॅक वर्तुळात तीन केबली असतील आणि सॅम्पल रेट ४८ किलोहर्ट्झ असेल, तर ११० हर्ट्झच्या सुराला (४३६ सॅम्पलचं आवर्तन) ३ सॅम्पल म्हणजे १२ सेंटांचा फरक. ८८० हर्ट्झला आवर्तन जेमतेम ५४.५ सॅम्पलचं, तिथे तेच ३ सॅम्पल सूर जवळजवळ एक सेमीटोन खाली ओढतात. फिल्टरचा स्वतःचा उशीर त्यावर आणखी. उपाय दोन : सॅम्पल रेट वाढवा, किंवा फीडबॅक आणि फिल्टर आतच असलेला रेझोनेटर वापरा.

प्युअर डेटामध्ये अडचण वेगळी आहे. तिथे हिशोब ६४ सॅम्पलच्या गठ्ठ्याने चालतो, त्यामुळे फीडबॅक वर्तुळातला डिले एका गठ्ठ्यापेक्षा लहान होत नाही. ४४.१ किलोहर्ट्झला हे १.४५ मिलिसेकंद होतात, म्हणजे ६८९ हर्ट्झच्या वर सूर जाणारच नाही. डिलेचा भाग सबपॅचमध्ये (पॅचच्या आतल्या पॅचमध्ये) टाकून तिथल्या ब्लॉकचं माप १ करा. प्रोसेसरवर ताण येतो, पण सुटका होते.

रिव्हर्ब लावला की सगळा चिखल होतो. काय चुकतंय?

बहुधा तीनपैकी एक गोष्ट. रिव्हर्बमध्ये खर्ज जातोय, रिव्हर्ब सगळ्यांनाच सारखा दिलाय, किंवा तो कधी थांबतच नाही.

आत काय चालतं ते थोडक्यात : १९६० च्या सुमारास बेल लॅब्समध्ये मॅनफ्रेड श्रोडर यांनी समांतर कोम (कंगवा) फिल्टर आणि त्यापुढे ऑल-पास फिल्टर अशी रचना मांडली. कोम फिल्टर म्हणजे फीडबॅकचा डिलेच. चार डिलेंचे वेळ एकमेकांशी न जुळणारे, साधारण ३० ते ४५ मिलिसेकंदांमधले, आणि पुढचे ऑल-पास त्या प्रतिध्वनींची गर्दी दाट करतात. आजचे रिव्हर्ब पुष्कळ पुढे गेले, तरी ही कल्पना अजून ओळखू येते. हाताने बांधून बघा. वेळ एकमेकांच्या पटीत ठेवले तर डब्यात वाजल्यासारखं का होतं, ते पाच मिनिटांत कानाला पटेल.

चिखलावर पहिला इलाज म्हणजे रिव्हर्बच्या आधी, नंतर नव्हे, २०० हर्ट्झच्या आसपास हाय-पास फिल्टर. दुसरा, २० ते ४० मिलिसेकंदांचा प्रीडिले, म्हणजे मूळ ठोका आधी स्पष्ट ऐकू येतो आणि घुमारा मागून येतो. तिसरा इलाज खास मॉड्यूलरचा आहे, तो असा : कोरडा (इफेक्ट नसलेला) आवाज एन्व्हलप फॉलोअरला (आवाजाच्या जोरानुसार सीव्ही देणारं मॉड्यूल) द्या. फॉलोअरचं सीव्ही ॲटेन्यूव्हर्टरने उलटं करा, त्यात ऑफसेट (स्थिर व्होल्टेज) मिळवा आणि रिव्हर्बच्या बाहेर पडणाऱ्या मार्गावरच्या व्हीसीएला लावा. वाद्य वाजताना रिव्हर्ब मागे सरतो, वाद्य थांबलं की जागा भरून काढतो. फॉलोअर संथ ठेवा. चपळ ठेवला तर रिव्हर्ब धापा टाकल्यासारखा वाटतो.

फिल्टरला इफेक्ट म्हणायचं का?

हवं तर म्हणा. रॉबर्ट मूग यांच्या लॅडर फिल्टरचा उतार दर सप्तकाला २४ डेसिबल असतो आणि रेझोनन्स (कटऑफपाशी दिलेला उठाव) वाढवला की त्यात खर्ज बारीक होतो. डॉन बुक्ला यांचा लो-पास गेट मात्र जरूर वापरून बघा. त्यात दिवा आणि प्रकाशाने बदलणारा रोध एका डबीत बंद असतो, ज्याला व्हॅक्ट्रोल म्हणतात. तो विझायला वेळ घेतो, त्यामुळे आवाज आणि त्याची चमक एकत्रच मावळतात. ठोकलेल्या लाकडाचं, चामड्याचं तसंच होतं.

डिस्टॉर्शन आणि वेव्हफोल्डर यांत काय निवडू?

आवाज आधीच भरलेला, हार्मोनिकांनी (मूळ सुराच्या पटीतल्या सुरांनी) दाट असेल तर डिस्टॉर्शन. साधी साइन किंवा ट्रँगल लाट असेल तर फोल्डर. डिस्टॉर्शन लाटेचा माथा चपटा करतं. फोल्डर माथा उलटा दुमडतो, आणखी जोर दिला की पुन्हा दुमडतो. फोल्डरच्या आधी व्हीसीए लावून त्याला एन्व्हलप द्या. प्रत्येक स्वर उघडतो आणि मिटतो.

सॉफ्टवेअरमध्ये एक धोका आहे तो अलायसिंगचा. ४८ किलोहर्ट्झला २४ किलोहर्ट्झच्या वरचं काही मावत नाही. ९ किलोहर्ट्झच्या सुराला डिस्टॉर्शन दिलं की पाचवा हार्मोनिक ४५ किलोहर्ट्झवर येतो आणि तिथून परतून थेट ३ किलोहर्ट्झवर बसतो. मूळ सुराच्याही खाली. मॉड्यूलमध्ये ओव्हरसॅम्पलिंगची (आतला हिशोब जास्त सॅम्पल रेटवर करण्याची) सोय असेल तर ती चालू करा. की मुद्दाम खरखरीतपणाच हवाय? मग सॅम्पल अँड होल्डला (क्लॉकच्या ठोक्याला नमुना घेऊन धरून ठेवणारं मॉड्यूल) वेगवान क्लॉक द्या आणि त्यातून आवाज काढा.

रिंग मॉड्युलेटर, फ्रिक्वेन्सी शिफ्टर आणि पिच शिफ्टर एकच का?

नाही. रिंग मॉड्युलेटर दोन सिग्नलांचा गुणाकार करतो : ४४० आणि १०० हर्ट्झ दिले की ५४० आणि ३४० बाहेर येतात, मूळचे दोन्ही जातात. फ्रिक्वेन्सी शिफ्टर बेरीज करतो : २००, ४००, ६०० चे २५०, ४५०, ६५० होतात, म्हणजे हार्मोनिकांचं नातं तुटतं आणि घंटेसारखा आवाज येतो. पिच शिफ्टर सगळ्यांना एकाच पटीने वाढवतो, नातं शाबूत राहतं.

शिफ्टर डिलेच्या फीडबॅक मार्गात घाला आणि फक्त २-३ हर्ट्झ सरकवा. प्रत्येक फेरी आधीच्या फेरीहून किंचित वर जाते.

ग्रॅन्युलर इफेक्ट कशासाठी?

आवाजाचे साधारण १० ते १०० मिलिसेकंदांचे कण करायचे आणि ते हव्या जागेवरून, हव्या सुरात, हव्या दाटीने पुन्हा पेरायचे. डेनिस गॅबर यांनी १९४० च्या दशकात ध्वनीचे असे कण कल्पिले होते. मॉड्यूलरवाल्यांच्या तोंडी हे नाव बसलं ते म्युटेबल इन्स्ट्रुमेंट्सच्या क्लाउड्समुळे. त्याचा कोड खुला असल्याने व्हीसीव्ही रॅकमध्येही ते मोफत मिळतं. मात्र सगळे नॉब एकदम हलवले की कुठलाही आवाज सारखाच धुकट होतो. फक्त जागेला सीव्ही द्या, बाकीचे स्थिर ठेवा.

इफेक्टचा क्रम कुठला बरोबर?

बरोबर असा क्रम नाही. डिस्टॉर्शन आधी आणि रिव्हर्ब नंतर केलं तर खोलीत वाजणारं खरखरीत वाद्य मिळतं. उलट केलं तर खोलीच फाटते, आणि रिव्हर्बची शेपूट मूळ आवाजाएवढी मोठी होते. दोन्हींचा उपयोग आहे.

ड्राय-वेट नॉब किती ठेवू?

इफेक्ट सेंडवर (मिक्सरमधून वेगळ्या काढलेल्या मार्गावर) असेल तर पूर्ण वेट, म्हणजे फक्त इफेक्टचा आवाज. त्याच्यातून कोरडा आवाजही आला तर तो मिक्सरमधल्या कोरड्या आवाजाला किंचित उशिराने भेटतो आणि वर सांगितल्या तशा खाचा पडतात. आवाज पोकळ वाटत असेल तर आधी हेच तपासा.

गिटारची पेडल युरोरॅकला थेट जोडता येतात का?

जोडता येतात, पण पातळी सांभाळून. युरोरॅकचा आवाज टोकापासून टोकापर्यंत साधारण १० व्होल्ट असतो. गिटारचा त्याच्या कितीतरी खाली, आणि पेडल बहुधा ९ व्होल्टवर चालतं. थेट सोडलं तर सगळंच डिस्टॉर्शन होतं. आधी ॲटेन्युएटरने १५-२० डेसिबल उतरवा, पेडलमधून परत येताना तेवढं चढवा. मध्ये व्हीसीए असेल तर पेडललाही सीव्ही मिळाल्यासारखं होतं.

प्रोसेसर दमतो, आवाज तडतडतो. काय करू?

ऑडिओ बफर (एका वेळी हिशोबाला घेतलेल्या सॅम्पलचा गठ्ठा) वाढवा. ४८ किलोहर्ट्झला २५६ सॅम्पल म्हणजे ५.३ मिलिसेकंदांचा उशीर, ५१२ म्हणजे १०.७. ओव्हरसॅम्पलिंग फक्त डिस्टॉर्शनपुरतं चालू ठेवा. चार आवाजांना चार रिव्हर्ब लावले असतील तर एकच ठेवा आणि सगळ्यांचे सेंड त्यात न्या.

जमलेला पॅच पुन्हा कसा मिळवायचा?

सॉफ्टवेअरमध्ये फाइल सेव्ह करा, पण यादृच्छिक सीव्ही वापरत असाल तर उघडल्यावर तोच आवाज येईल याची खात्री नाही. हार्डवेअरमध्ये फोटो काढा. केबलींचे रंग कामानुसार ठरवून ठेवले तर फोटो वाचता येतो : आवाज, सीव्ही आणि क्लॉक यांना एकेक. फीडबॅकचे पॅच फोटोवरून परत उभे राहत नाहीत, कारण नॉबचा केसभर फरकही तिथे मोठा ठरतो. म्हणून रेकॉर्डिंग पॅच करायला बसतानाच सुरू करा, आणि कोरडा आवाज वेगळ्या ट्रॅकवर घ्या, म्हणजे इफेक्ट पुढे बदलता येईल.